शेरलॉक होम्सचं लग्न लावू का, असं एका नटाने तारेने विचारलं. त्याच्या लेखकाने चक्क होकार दिला

जून २०२०. जग लॉकडाऊनमध्ये अडकलेलं होतं, आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोर्टात एक भलताच दावा दाखल झाला. कागदावर तो कॉपीराइटचा दावा होता. पण त्यातला मुद्दा असा होता की शेरलॉक होम्स प्रेमळ होता का? आणि असेल, तर तो नेमका कोणत्या वर्षापासून प्रेमळ झाला?

झालं असं होतं की नॅन्सी स्प्रिंगर या लेखिकेने होम्सला एनोला नावाची धाकटी बहीण दिली होती. तिच्यावरच्या पुस्तकांवरून नेटफ्लिक्सवर सिनेमा येत होता. त्यातला होम्स बहिणीची काळजी करतो, तिच्याशी मायेने वागतो. सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या वारसांच्या संस्थेने यावर हरकत घेतली. होम्सच्या जुन्या कथांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण त्या कथांमधला होम्स थंड डोक्याचा आणि कोरडा आहे, त्याला माया फुटली ती १९२३ ते १९२७ मधल्या शेवटच्या कथांमध्ये, आणि त्यांच्यातल्या काही कथांचा अमेरिकेतला कॉपीराइट अजून संपलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, कोरडा होम्स फुकट, प्रेमळ होम्स हवा असेल तर पैसे मोजा.

डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून ते प्रकरण मिटवलं आणि कोर्टाला निकाल द्यावा लागलाच नाही. पण ज्यांनी कधी फॅनफिक्शन वाचलंय किंवा लिहिलंय, त्यांना हे भांडण ओळखीचं वाटलं असणार. दुसऱ्याने जन्माला घातलेलं आवडतं पात्र घ्यायचं आणि त्याची नवी गोष्ट लिहायची, हे फॅनफिक्शन. तिथे भाषा कच्ची असली तरी चालतं, कथानक ओढूनताणून आणलेलं असलं तरी खपतं. पण हा माणूस असं वागणारच नाही, असं एकदा वाचकाच्या मनात आलं की खेळ खलास.

मग तो माणूस कसा वागेल, हे ठरवायचं कुणी? लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याने की वारसांनी? हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यभर मागे लागला, ते आर्थर कॉनन डॉयल. गंमत म्हणजे होम्सवर जीव टाकणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव बरंच खाली लागेल.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. वडील चार्ल्स चित्रं काढायचे आणि दारू प्यायचे. पुढे दारूने त्यांना मनोरुग्णालयात पोहोचवलं. आई मेरी यांनी घर ओढलं, आणि गोष्टी सांगायची त्यांची हातोटी मुलात उतरली. डॉयल एडिनबरोला डॉक्टरकी शिकले. तिथे त्यांना जोसेफ बेल नावाचे शिक्षक भेटले. पेशंट समोर येऊन बसला की त्याने तोंड उघडायच्या आत त्याचा धंदा, गाव आणि सवयी बेल ओळखायचे. डॉयल त्यांच्याकडे मदतनीस म्हणून काम करायचे, त्यामुळे हा प्रकार त्यांनी अगदी जवळून पाहिला.

शिकत असतानाच १८८० मध्ये ते देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून आर्क्टिकला जाऊन आले. १८८२ मध्ये पोर्ट्समथजवळच्या साउथसी भागात दवाखाना थाटला. पेशंट फारसे यायचे नाहीत, वेळ भरपूर. त्या वेळात त्यांनी लिहायला घेतलं. १८८६ मध्ये होम्स आणि वॉटसन यांची पहिली कादंबरी लिहून झाली, प्रकाशकांकडून परत येत राहिली आणि शेवटी २५ पौंडांत सगळ्या हक्कांसकट विकली गेली. १८८७ च्या एका नाताळ अंकात ती छापून आली. फार गाजावाजा झाला नाही.

खरी गंमत सुरू झाली १८९१ मध्ये. ‘स्ट्रँड’ हे नवं मासिक निघालं होतं. डॉयल यांनी हिशेब मांडला की क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला तर वाचक सुटतो. त्याऐवजी पात्रं तीच ठेवायची आणि गोष्ट दर अंकात पूर्ण करायची. आजच्या वेब सिरीजवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा ही युक्ती नवी होती आणि ती तुफान चालली.

आणि तिथूनच होम्स डॉयल यांच्या हातून निसटायला लागला.

पहिला हात मारला चित्रकाराने. ‘स्ट्रँड’ला चित्रांसाठी वॉल्टर पॅजेट हवे होते, पण पत्र गेलं त्यांचे भाऊ सिडनी यांच्याकडे. सिडनी यांनी काम घेतलं आणि होम्स काढताना मॉडेल म्हणून आपल्या देखण्या भावालाच समोर धरलं. डॉयल यांच्या मनातला होम्स इतका रुबाबदार नव्हताच. तो काटकुळा, मोठ्या नाकाचा आणि तसा दिसायला साधाच होता. पण लोकांनी पॅजेट यांचा होम्स उचलला. ती पुढे-मागे झापा असलेली शिकारी टोपी? तीही पॅजेट यांची. मजकुरात तिचं नावसुद्धा नाही, प्रवासात घालायची कान झाकणारी टोपी एवढाच काय तो उल्लेख सापडतो. आज लहान पोरालाही टोपी दाखवली की होम्स कळतो, आणि ती त्याच्या लेखकाने दिलेली नाही.

दुसरा हात आईचा. नोव्हेंबर १८९१ मध्ये, म्हणजे कथा सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, डॉयल यांनी आईला पत्रातून कळवलं की बाराव्या कथेत होम्सला संपवून टाकायचा विचार आहे, कारण त्याच्या नादात चांगल्या कामाकडे दुर्लक्ष होतंय. त्यांच्या लेखी चांगलं काम म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या. आईने साफ विरोध केला. नुसता विरोध करून त्या थांबल्या नाहीत, सोनेरी केसांच्या मुलीची एक कल्पनाही पुरवली. तीच बारावी कथा झाली आणि होम्स वाचला. फॅनफिक्शनच्या इतिहासात मेरी डॉयल यांचं नाव कुणी घेत नाही, पण आवडत्या पात्राचा जीव वाचवायला स्वतःचं कथानक घेऊन धावणारी पहिली चाहती बहुधा त्याच.

आईने मिळवून दिलेली मुदत दोन वर्षं टिकली. १८९३ मध्ये डॉयल पत्नी लुईझासोबत स्वित्झर्लंडला गेले आणि तिथे त्यांनी रायशेनबाख धबधबा पाहिला. त्याच वर्षी लुईझाला क्षयाचं निदान झालं, ऑक्टोबरमध्ये वडील गेले आणि डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’मध्ये होम्स त्या धबधब्यात कोसळला. डायरीत डॉयल यांनी त्याची नोंद अवघ्या दोन शब्दांत केली.

लंडनच्या तरुणांनी हॅटला काळ्या फिती बांधल्या, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती बहुधा नंतर तिखटमीठ लावून सजवलेली आहे. मासिकाची वर्गणी हजारोंनी बंद झाली, हे मात्र वारंवार नोंदलं गेलंय आणि आकडा २०,००० चा सांगतात. एका बाईंनी तर डॉयल यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवातच शिवीवजा शब्दाने केली. डॉयल यांना आश्चर्य वाटलं. आपल्या घरी खरी आजारपणं आणि मरणं चालू असताना लोक एका कागदी माणसासाठी रडतायत, हे त्यांना उमगत नव्हतं.

पण लोक नुसते रडत बसले नाहीत. लिहायला तर त्यांनी आधीच सुरुवात केली होती. पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी हे डॉयल यांचे मित्र. त्यांनी १८९१ मध्येच, पहिल्या कथा ताज्या असताना, होम्सची नक्कल करणारा मजकूर निनावी छापला होता. पुढे दोघांनी मिळून लिहिलेली एक संगीतिका सपाटून पडली, तेव्हा बॅरी यांनी त्या फजितीवरच होम्सची एक विनोदी कथा रचून डॉयल यांना भेट दिली. डॉयल यांना ती इतकी आवडली की पुढे आत्मचरित्रात त्यांनी ती अख्खी छापली. रॉबर्ट बार या दुसऱ्या मित्राने ‘शेर्लॉ कोम्ब्स’ नावाचा हेर काढला, तो इतका हुशार की काढलेले सगळे निष्कर्ष चुकतात.

विडंबन म्हणून आपण हे सोडून देतो, पण विडंबनाइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. एखाद्याची नक्कल हसवते ती तेव्हाच, जेव्हा करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही मूळ माणूस नीट माहीत असतो. होम्सला जन्मून चार-पाच वर्षंही झाली नव्हती आणि तो कसा बोलतो, कसा बसतो, वॉटसनला कसा चिमटा काढतो, हे वाचकांना पाठ झालं होतं.

१८९६ मध्ये तर डॉयल स्वतःच या खेळात उतरले. एडिनबरो विद्यापीठाला क्रिकेटच्या मैदानासाठी पैसे जमवायचे होते, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या मासिकाला होम्स-वॉटसनचा छोटासा नाश्त्याच्या टेबलावरचा प्रसंग लिहून दिला. होम्स अधिकृतरीत्या मेलेला, तरी आपला टेबलावर बसून टोस्ट खातोय. म्हणजे आपल्याच पात्राचं फॅनफिक्शन त्याच्या लेखकाने लिहिलं, तेही चॅरिटीसाठी.

आता त्या तारेकडे येऊ.

डॉयल यांनी होम्सवर एक नाटक लिहिलं होतं. ते अमेरिकेतले नट विल्यम जिलेट यांच्याकडे गेलं आणि जिलेट यांनी ते पार नव्याने लिहायला घेतलं. त्यांचं पहिलं हस्तलिखित सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉटेलच्या आगीत जळालं, त्यांनी पुन्हा लिहिलं. लिहिता लिहिता त्यांना वाटलं की नाटकाला प्रेमकथा हवी. पण होम्स आणि प्रेम? कथांमध्ये होम्स एका बाईचं, आयरीन अ‍ॅडलरचं नाव आयुष्यभर आदराने घेतो, कारण तिने त्याला हरवलेलं असतं. ते प्रेम नाही, हे वॉटसन पहिल्याच कथेत स्पष्ट सांगतो. तेव्हा जिलेट यांनी अटलांटिकपलीकडे तार केली की होम्सचं लग्न लावलं तर चालेल का. डॉयल यांनी कळवलं की लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा.

त्या उत्तरात मोठेपणा होता की कंटाळा, हे ज्याने त्याने ठरवावं. कंटाळाच जास्त असावा. स्वतः सहा वर्षांपूर्वी ज्याला कड्यावरून ढकललं, त्याच्या बोहल्यावर चढण्याचं डॉयल यांना काय सोयरसुतक?

१८९९ मध्ये न्यूयॉर्कला नाटक आलं आणि जिलेट पुढची तीसेक वर्षं होम्स करत राहिले, प्रयोगांचा आकडा १३०० च्या आसपास गेला. इंग्लंडमध्ये त्याच नाटकात पोऱ्याचं काम करणारा एक मुलगा होता, चार्ली चॅप्लिन. नाटकाच्या शेवटी होम्स नायिकेला मिठीत घेतो. आज हे वाचताना होम्सचे जुने वाचक अजूनही नाक मुरडतात, आणि त्यांचं चूक नाही. पण जिलेट यांच्याच होम्समुळे वाकड्या नळीचा पाइप घराघरात गेला. असा पाइप दातात धरून संवाद बोलणं सोपं जातं, म्हणून त्यांनी तो निवडला असं सांगतात. वॉटसनचं नाव घेऊन होम्स म्हणतो ते सुप्रसिद्ध वाक्य, ज्यावर आजही मीम्स निघतात, ते त्या रूपात डॉयल यांच्या ६० पैकी एकाही गोष्टीत नाही. त्याचं मूळही रंगमंचाकडेच बोट दाखवतं.

म्हणजे बघा, लग्न लोकांनी नाकारलं आणि पाइप ठेवून घेतला. नव्या लेखकाने पात्राला काय दिलं यापेक्षा वाचकांनी त्यातलं काय ठेवून घेतलं, यावर पुढचा होम्स ठरत गेला.

१९०१ मध्ये डॉयल यांना दलदलीतल्या भुताळ्या कुत्र्याची गोष्ट सुचली, मित्र बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन यांच्या बोलण्यातून. गोष्टीला हेर हवा होता. नवा घडवण्यापेक्षा होम्सलाच घेतला, पण घटना त्याच्या मृत्यूच्या आधीची दाखवून. १९०३ मध्ये मात्र एका अमेरिकन मासिकाने १३ कथांना ४५,००० डॉलर देऊ केले आणि होम्स धबधब्यातून सुखरूप वर आला. तो पडलाच नव्हता, म्हणे.

यावर सगळ्यात मार्मिक समीक्षा कुणी केली असेल तर कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने. डॉयल यांनीच ही आठवण लिहून ठेवलीय. त्या नावाड्याचं मत असं होतं की होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण तेव्हापासून तो पहिल्यासारखा राहिला नाही. लेखकाच्या तोंडावर, लेखकानेच लिहिलेला होम्स खरा होम्स नाही, असं सांगायचं धाडस त्या माणसात होतं. आणि डॉयल यांनी ते हसून सांगितलं, खोडून काढलं नाही.

डॉयल यांचं होम्सकडे लक्ष तसं कमीच असायचं. पहिल्या कादंबरीत वॉटसनला मैवंदच्या लढाईत गोळी लागते खांद्याला, दुसऱ्या कादंबरीत त्याचा पाय दुखतो. वॉटसनचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. कुणी म्हणेल, लेखक विसरला, संपलं. पण चाहत्यांना ते मान्य नव्हतं. पुढे डोरोथी सेअर्स या रहस्यकथा लेखिकेने तोडगा काढला की जॉन एच. वॉटसनमधला एच म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप, तेव्हा बायको लाडाने तसं म्हणत असणार. डॉयल यांच्या एका विसरभोळ्या चुकीतून नवरा-बायकोतली एक खासगी हाक जन्माला आली. टीव्हीवरच्या ‘शेरलॉक’मध्ये वॉटसन आपलं मधलं नाव हेमिश सांगतो, ते इथून आलं.

ही सगळी रीत सुरू झाली १९११ मध्ये, ऑक्सफर्डला. रोनाल्ड नॉक्स या तरुणाने एक निबंध वाचला. बायबलच्या अभ्यासक ज्या गंभीरपणे एकेका ओवीचा कीस पाडतात, त्याच थाटात त्याने होम्सच्या कथांमधल्या विसंगती मांडल्या. होती थट्टाच. निबंध डॉयल यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी नॉक्स यांना लिहिलं की या असल्या गोष्टींवर कुणी इतके कष्ट घेतले याचंच नवल वाटतं, आणि तुम्हाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फॅनफिक्शनवाले मूळ, प्रमाण मजकुरासाठी आज जो ‘कॅनन’ शब्द वापरतात, तोही होम्सच्या या भक्तांमुळे रुळला असं मानलं जातं. धर्मग्रंथांसाठीचा शब्द थट्टेत उचलला आणि थट्टा विसरून शब्द राहिला.

मात्र डॉयल यांनी सगळ्यांनाच मोकळं रान दिलं होतं असं समजू नका. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये मॉरिस लब्लां यांनी आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराच्या गोष्टीत होम्सला नावानिशी आणला आणि ल्युपँने त्याचं घड्याळ लांबवलं. हरकत आली. मग लब्लां यांनी अक्षरांची अदलाबदल करून त्याला ‘हेर्लॉक शोल्मेस’ केलं. जर्मनीत १९०७ मध्ये होम्सच्या नावाने स्वस्त अंकांची मालिकाच निघाली. तिच्यात वॉटसनला रजा देऊन हॅरी टॅक्सन नावाचा तरुण मदतनीस बसवला होता. तिथेही कायद्याची नोटीस गेली आणि मालिकेचं नाव बदलावं लागलं, अंक मात्र २३० निघाले. खपाच्या बाबतीत लोकांना होम्सचं नाव पुरेसं होतं. पण हॅरी टॅक्सन आज कुणाला आठवतो? वॉटसनशिवायचा होम्स टिकत नाही, कारण होम्सची जी काही माणुसकी आपल्याला दिसते ती वॉटसनच्या डोळ्यांतून दिसते.

याच काळात डॉयल यांच्यावर होम्स व्हायची वेळ आली. १९०६ मध्ये लुईझा गेली. डॉयल खचले होते, त्यांचं कामात लक्ष लागत नव्हतं. त्या सुमाराला जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाची फिर्याद त्यांच्यापर्यंत आली. जॉर्जचे वडील शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि इंग्लंडच्या ग्रेट वर्ली गावात ते धर्मगुरू होते. गावात रात्री-अपरात्री कुणीतरी घोड्यांची पोटं फाडत होतं. १९०३ मध्ये जॉर्जला त्यासाठी पकडून सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण निर्दोष म्हणून नव्हे.

डॉयल त्याला भेटायला लंडनच्या एका हॉटेलात गेले. जॉर्ज पेपर वाचत बसला होता. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरका धरलेला. डोळ्यांच्या विकाराचं शिक्षण घेतलेल्या डॉयल यांना तिथेच कळलं की हा माणूस अंधाऱ्या रात्री शेतं आणि कुंपणं ओलांडून जनावर गाठूच शकत नाही. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिले, इंग्लंड हललं आणि मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. नुकसानभरपाई मात्र एक पैसाही नाही. याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचं कोर्ट स्थापन झालं, त्यामागे हेही प्रकरण होतं.

डॉयल यांच्याकडे मदतीची पत्रं लिहिणाऱ्यांना लेखक नकोच होता, त्यांना होम्स हवा होता. आणि लेखकाने एकदा तरी तो करून दाखवला.

मग पहिलं महायुद्ध आलं. थोरला मुलगा किंग्जली सोमच्या लढाईत जखमी झाला होता, ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने गेला. चार महिन्यांनी भाऊ इन्सही गेला. डॉयल यांचा मृतात्म्यांशी बोलण्यावर विश्वास आधीच बसला होता, आता तो त्यांच्या आयुष्याचं काम झाला. देशोदेशी भाषणं, पुस्तकं, खर्च. १९२२ मध्ये तर दोन मुलींनी बागेत काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. फोटोतल्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या. होम्सच्या चाहत्यांना मान खाली घालावीशी वाटली. पुराव्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या होम्सचा बाप असा कसा फसला?

पण इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. डॉयल यांच्या हातात त्या वेळी दोन लोकप्रिय पात्रं होती. एक होम्स, दुसरे प्रोफेसर चॅलेंजर, डायनासोर शोधायला निघालेले तापट शास्त्रज्ञ. आपला नवा विश्वास जगाला पटवायला डॉयल यांनी चॅलेंजर यांना वापरलं. १९२६ च्या कादंबरीत या हट्टी, नास्तिक शास्त्रज्ञाचं मतपरिवर्तन होऊन ते आत्म्यांवर विश्वास ठेवायला लागतात. लेखक तोच, हक्क त्याचाच, तरी वाचकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. एकीकडे होम्सची सगळी कीर्ती हाताशी होती, त्याच्या तोंडून एक वाक्य वदवलं असतं तरी जगभर गाजलं असतं. डॉयल यांनी ते केलं नाही. १९२४ च्या एका कथेत रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची तक्रार येते, तेव्हा होम्स भुताखेतांना दारातूनच वाटेला लावतो आणि साधं, माणसाच्या मनातलं कारण शोधून काढतो. ती लिहिणारा माणूस त्याच दिवसांत प्लँचेटच्या बैठकींना जात होता.

होम्सवर आपलं प्रेम नाही असं सांगत आलेल्या डॉयल यांनी स्वतःची सगळ्यात प्रिय श्रद्धा बाजूला ठेवली आणि होम्सला होम्सच राहू दिलं.

आणि हो, वारसांच्या दाव्यातला तो प्रेमळपणा. १९२४ च्याच एका कथेत वॉटसनच्या मांडीत गोळी घुसते आणि होम्सच्या चेहऱ्यावरचा मुखवटा क्षणभर गळून पडतो. वॉटसनला वाटतं, या एका क्षणासाठी जखम झाली तरी बिघडलं नाही. मुलगा आणि भाऊ गमावलेल्या डॉयल यांच्या मनातली ही माया, असं वारसांच्या वकिलांनी मांडलं होतं. ऐकायला पटतं. पण जुन्या वाचकाने १९१० ची कथा काढून दाखवली असती. तिच्यात विषारी धुरातून वॉटसन होम्सला ओढून बाहेर काढतो आणि होम्स थरथरत्या आवाजात त्याची माफी मागतो. किंवा १९०३ ची, जिच्यात मेलेला मित्र समोर पाहून वॉटसन बेशुद्ध पडतो आणि होम्स कासावीस होतो. ती माया आधीपासून होती. क्वचित दिसायची, म्हणून तर दिसल्यावर वाचक चळायचे. एनोलाच्या सिनेमात ती वरचेवर दिसते, आणि खटकलंच तर ते प्रमाण खटकू शकतं.

होम्सची शेवटची कथा १९२७ मध्ये आली. एकूण चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ऑगस्ट डर्लेथ या कॉलेजच्या पोराने डॉयल यांना पत्र लिहून विचारलं की आणखी होम्स येणार का. नकार आला. पोराने कॅलेंडरवर एक तारीख निवडली, त्या दिवशी बसून नवा हेर लिहिला, नाव ठेवलं सोलर पॉन्स. पत्ता बदलला, नावं बदलली, स्वभाव तोच ठेवला. पुढे त्याने पॉन्सच्या इतक्या कथा लिहिल्या की डॉयल यांचा आकडा मागे पडला. आपल्याकडे भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, त्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांनाही बेकर स्ट्रीट आपल्याच पेठेतली वाटते.

७ जुलै १९३० ला क्रोबरोच्या घरी डॉयल वारले. त्यांची आणि होम्सची गाठ मात्र अजून एकदा पडायची होती.

१९४२ मध्ये चरित्रकार हेस्केथ पिअर्सन डॉयल यांचे जुने कागद चाळत होते. त्यात होम्सची एक टाइप केलेली, कधीही न छापलेली कथा निघाली. बातमी पसरली, चाहत्यांनी धोशा लावला आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात ती डॉयल यांच्या नावाने दिमाखात छापून आली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्येही. काही जाणकारांना वास आला होता की कुठेतरी काहीतरी कमी आहे, पण घरातूनच निघालेल्या कागदावर शंका कोण घेणार?

आणि मग आर्थर व्हिटेकर नावाच्या म्हाताऱ्या आर्किटेक्टने हात वर केला. कथा त्यांची होती. १९११ च्या सुमारास त्यांनी ती हौसेने लिहून, जमलं तर दोघांच्या नावावर छापू म्हणून, डॉयल यांना पाठवली होती. डॉयल यांचं उत्तर आलं होतं की गोष्ट वाईट नाही, पण माझी पात्रं वापरता येणार नाहीत, नावं बदला आणि स्वतः कुठेतरी छापा. आणि ते नको असेल तर नुसत्या कल्पनेचे दहा गिनी देतो. व्हिटेकर यांनी दहा गिनी घेतले. डॉयल यांनी ती कल्पना कधीच वापरली नाही, कागद पेटीत टाकला आणि विसरून गेले.

वारसांनी पुरावा मागितला. व्हिटेकर यांनी ३८ वर्षं सांभाळून ठेवलेलं डॉयल यांचं पत्र काढून समोर ठेवलं, आणि त्यासोबत त्या कथेची कार्बन कॉपी.